ओरगडम : खिशातल्या कॅमेऱ्याने पाहावा असा मुलूख

कारखान्यांचे गाव असलेले ओरगडम सहलीच्या यादीत सहसा सापडत नाही. पण पक्ष्यांची तळी, गोपुरे आणि मराठ्यांचा एक बुलंद गड यांच्या मधोमध ते वसले आहे. इथे राहायला आलेल्या प्रत्येक घरात केव्हातरी एक चर्चा होतेच – खिशात मावणारा, पण लांबचे जवळ आणणारा कॅमेरा घ्यायचा तर कोणता?

चेन्नईहून नैऋत्येला साधारण 50 किलोमीटरवर दोन रस्ते एकमेकांना छेदतात. एक वंडलूरहून वालाजाबादकडे जाणारा, दुसरा सिंगपेरुमाळ कोविलहून श्रीपेरुंबुदूरला जाणारा. या चौकाभोवतीचे गाव म्हणजे ओरगडम. (चेन्नईच्या अंबत्तूर भागातही याच नावाची वस्ती आहे, तेव्हा टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना 'सिपकॉटवाले ओरगडम' असे जरूर म्हणावे, नाहीतर शहराच्या भलत्याच टोकाला उतरण्याची वेळ येते.) 2010 साली रेनो-निस्सानचा मोटार कारखाना इथे सुरू झाला, 2012 साली 'भारतबेंझ' मालमोटारी बनवणारा डेमलरचा आणि 2013 साली रॉयल एनफील्डचा. टायरचे, सुट्या भागांचे कारखाने त्यांच्या मागोमाग आले. भातखाचरे आणि तळी यांच्या मुलखात सहापदरी रस्ते आले, कंटेनरच्या रांगा आल्या.

आणि पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिककडची माणसेही आली. मोटारींच्या धंद्यातला माणूस आज चाकणला तर उद्या ओरगडमला, हे आता नवे राहिलेले नाही. बदली दोन-तीन वर्षांची. भाषा कळत नाही, आठवड्यात सुट्टी एकच, आणि थंडीच्या दिवसांत गावाकडून आजी-आजोबा 'दक्षिण बघायला' येणार म्हणून पत्र नव्हे तर व्हॉट्सअॅपचा निरोप येतो. मग कॅमेऱ्याचा विषय निघतो.

फोन आहे की! असे घरातले कोणीतरी म्हणतेच, आणि ते खोटे नाही. घरच्यांचे, जेवणाच्या पानाचे, समुद्रकिनाऱ्यावरच्या मुलांचे फोटो फोन उत्तम काढतो. महागड्या फोनमध्ये खरा, म्हणजे भिंगाचा झूम तीन ते पाच पटींपर्यंत मिळतो. सॅमसंगच्या 2021 ते 2023च्या सर्वांत महाग फोनांत तो दहा पटींपर्यंत गेला होता. त्यापुढे फोन जे 'शंभर पट' दाखवतो ती बहुतांशी चित्र कापून मोठे करण्याची आणि संगणकाने रंग भरण्याची करामत असते. ती करामत कुठे उघडी पडते हे पाहायचे असेल तर ओरगडमहून दीडेक तासाच्या वेदांतंगलला जावे.

तळ्यातल्या झाडांवरची बाळंतपणे

वेदांतंगल म्हणजे अवघ्या 30 हेक्टरांचे तळे आणि त्यात पाण्यात उभी असलेली झाडे. नोव्हेंबर ते मार्च या काळात ही झाडे पक्ष्यांनी अक्षरशः वाकतात. चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, झोळीवाले पेलिकन, पांढरे शराटी, चमचे, रात्रबगळे, पाणकावळे – सगळ्यांची घरटी एकाच झाडावर, मजल्यामजल्याने. गोंगाट विचारू नका.

या पक्ष्यांची राखण गावकऱ्यांनी कित्येक पिढ्या केली आहे. पक्ष्यांच्या विष्ठेने तळ्याचे पाणी खतासारखे कसदार होते आणि तेच पाणी भाताला मिळते, हे त्यांना ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज शिपाई इथे पक्षी मारू लागले तेव्हा गावकरी थेट कलेक्टरकडे गेले आणि 1798 साली कलेक्टर लायोनेल प्लेस याच्याकडून त्यांनी संरक्षणाचा लेखी कौल मिळवला. पक्षी राखण्यासाठी सरकारी कागद मिळवणारे इतके जुने गाव भारतात क्वचितच सापडेल. 2022 साली हे तळे रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये दाखल झाले.

पाहुण्यांनी चालायचे ते तळ्याच्या बांधावरून. पाण्यात उतरायचे नाही, झाडांजवळ जायचे नाही, आणि तसेच असायला हवे. माणूस जवळ गेला की करकोचा उठतो, आणि तो उठला की अंडी-पिले उन्हात उघडी पडतात, कावळ्या-घारींचे फावते. म्हणजे इथे लांब झूम ही चैन नाही. पक्ष्याला त्रास न देता त्याला पाहण्याचा तोच मार्ग आहे.

आता थोडा हिशेब करू. हिशेब साधा आहे आणि दुकानदार तो सहसा सांगत नाही. चित्रबलाक उभा राहिला की जवळपास एक मीटर उंच. समजा, तो बांधापासून 100 मीटरवर बसला आहे. फोनच्या नेहमीच्या 24 मिलिमीटर भिंगातून त्या अंतरावर 100 मीटर उंचीचे चित्र दिसते. त्यात आपला करकोचा शंभरावा हिस्सा. 250 मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या कॅमेऱ्यात चित्राची उंची साडेनऊ मीटर, म्हणजे पक्षी दहावा हिस्सा. 720 मिलिमीटरला चित्राची उंची तीन मीटर आणि थोडी वर; पक्षी जवळपास एक तृतीयांश. आता त्याची पिवळी चोच, पंखाखालची गुलाबी पिसे, घरट्यातले पिलू, सारे दिसते. 960 मिलिमीटरला आणखी थोडे मोठे दिसते, पण 24 ते 720 या उडीपुढे ही भर फार नाही.

म्हणून खोक्यावर छापलेल्या 'पटी'ला भुलू नये. '30 पट' हा फक्त भागाकार आहे : सर्वांत लांबचे टोक भागिले सर्वांत रुंद टोक. 25 ते 250 मिलिमीटरचा कॅमेरा दहा पट आणि 28 ते 280चाही दहा पटच. पट सारखी असली तरी पोहोच निराळी. विचारायचा आकडा एकच – शेवटचे टोक किती मिलिमीटरचे? आणि 'डिजिटल झूम' नावाचा जो दुसरा मोठा आकडा सांगितला जातो, तो ऐकल्या न ऐकल्यासारखा करावा.

वेदांतंगलची एक गोम मात्र आहे. पक्ष्यांची खरी गंमत संध्याकाळची. दिवसभर आसपासच्या तळ्यांत आणि शेतांत चरायला गेलेले थवे चारच्या पुढे परतू लागतात, आणि नेमका त्याच वेळी उजेड उतरू लागतो. खिशातल्या कॅमेऱ्याची दुखरी नस हीच. झूम पूर्ण ताणला की त्याच्या भिंगातून आत येणारा प्रकाश रुंद टोकाच्या मानाने जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो (भिंगावर 'एफ 3.3–6.4' असे काहीतरी छापलेले असते, त्याचा अर्थ हा). शिवाय आतला सेन्सर, म्हणजे जिथे चित्र उमटते तो चौकोन, साधारण 6 बाय साडेचार मिलिमीटरचा. मसूर डाळीच्या दाण्याएवढाच म्हणा ना. कमी उजेडात असा सेन्सर चित्रात वाळूसारखी खरखर आणतो, आणि ती झाकायला कॅमेरा पिसांचे बारकावे पुसून टाकतो.

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे 'एक इंची' सेन्सर. नावात इंच असला तरी तो 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचाच असतो, पण क्षेत्रफळ छोट्या सेन्सरच्या चौपट. संध्याकाळचे चित्र यात कितीतरी स्वच्छ येते. मात्र सेन्सर मोठा म्हटला की भिंगही मोठे लागते, आणि कॅमेरा तर खिशात मावला पाहिजे. मग झूम आखडता घ्यावा लागतो. पॅनासोनिकच्या 2016च्या टीझेड 100मध्ये तो 250 मिलिमीटरपर्यंत, 2018च्या टीझेड 200मध्ये 360पर्यंत, तर सोनीच्या 2019च्या आरएक्स 100 सातव्या आवृत्तीत 200पर्यंतच. उलट छोट्या सेन्सरचा कॅननचा 2018चा एसएक्स 740 हा 960 मिलिमीटर गाठतो आणि वजन 300 ग्रॅमच्या आत. पॅनासोनिकचा 2025चा टीझेड 99 गाठतो 720. किमतीतही अंतर आहे. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा सोनीच्या त्या कॅमेऱ्याची किंमत सुमारे 1,200 डॉलर होती, तर टीझेड 99ची 500 आणि कॅननची 400.

म्हणजे लांब पोहोच, चांगला संध्याकाळचा उजेड आणि छोटा खिसा या तिन्हींपैकी कोणतीही दोनच मिळतात.

यात घरच्या माणसांनी काय करावे? पक्षी पाहायचे असतील तर पोहोच सोडू नये, वेळ बदलावी. पहाटे ओरगडमहून निघून सूर्य वर आल्यावर लगेच बांधावर पोचावे. सकाळी आठ-नऊचा उजेड छोट्या सेन्सरला पुरतो आणि घरट्यांवर वर्दळही भरपूर असते. दुपारी मात्र पाण्यावरची गरम हवा थरथरते. तेव्हा जगातला कोणताही कॅमेरा 720 मिलिमीटरला रेखीव चित्र देत नाही, आणि बिचाऱ्या कॅमेऱ्याला बोल लावला जातो. संध्याकाळी फोटोंचा नाद सोडून नुसते बघावे.

हात हलण्याचे काय? जुना ठोकताळा असा, की 720 मिलिमीटरला सेकंदाच्या सातशे विसाव्या भागापेक्षा जास्त वेळ झडप उघडी राहिली तर चित्र फिसकटते. आताच्या कॅमेऱ्यांत कंप सावरणारी यंत्रणा असल्याने बरीच सवलत मिळते. तरी बांधावरच्या कठड्यावर कोपरे टेकावीत, श्वास क्षणभर रोखावा आणि बटण दाबण्याऐवजी हळूच चेपावे. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी बोलत नाही : डोळा लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर. तमिळनाडूच्या उन्हात मागचा पडदा काळाठिक्कर दिसतो, आणि पूर्ण ताणलेल्या झूममध्ये पक्षी शोधणे म्हणजे सुईच्या नाकातून आभाळ बघणे. खिडकीला डोळा लावला की कॅमेरा कपाळाला टेकतो, हातही स्थिरावतो. सोनीच्या 2015च्या एचएक्स 90व्हीमध्ये 720 मिलिमीटर आणि वर सरकणारी खिडकी दोन्ही होते. टीझेड 99मध्ये खिडकी नाही. वापरलेला पण चांगला राखलेला जुना कॅमेरा मिळत असेल तर निव्वळ या खिडकीसाठी त्याचा विचार करावा.

पर्याय इतके थोडे का, असे वाटेल. फोनने हा बाजारच गिळला. जपानी कंपन्यांनी 2010 साली जगभर 10 कोटींहून अधिक छोटे डिजिटल कॅमेरे पाठवले होते. 2023 साली तो आकडा 17 लाखांच्या आसपास आला.

कांचीपुरम : इथे उलटे गणित

ओरगडमहून वालाजाबादमार्गे कांचीपुरम तासाभराच्या वाटेवर. आई-आजीच्या डोळ्यांपुढे रेशमी साड्या असतात, त्या त्यांनी खुशाल घ्याव्यात, पण सकाळची वेळ कैलासनाथासाठी राखावी. पल्लव राजा दुसरा नरसिंहवर्मन, म्हणजेच राजसिंह, याने सुमारे 700 साली हे वालुकाश्माचे देऊळ बांधवले. प्रांगणाच्या कडेने 58 छोट्या देवळ्या आहेत आणि काहींच्या भिंतींवर जुन्या रंगचित्रांचे तुकडे अजून टिकून आहेत. देवळ्या आणि मुख्य देऊळ यांमधली वाट इतकी अरुंद, की मागे सरकायला जागाच नाही. इथे कामाला येते ते भिंगाचे रुंद टोक. 24 मिलिमीटरने जे सबंध चौकटीत बसते ते 28ने कडेला कापले जाते. कॅमेरा घेताना सगळे लक्ष लांबच्या टोकावर असते, म्हणून ही आठवण. फ्लॅश बंद ठेवावा. तेराशे वर्षांच्या रंगांवर दया करावी.

एकांबरेश्वराचे गोपुर मात्र पुन्हा झूम मागते. कृष्णदेवरायाने 1509 साली उभारलेले हे गोपुर 59 मीटर उंच आहे. खालून मान वर केली तर एकामागून एक मजले नुसते दाटीवाटीने दिसतात. 250-300 मिलिमीटरने एकेका मजल्यावरच्या मूर्ती वेगळ्या काढता येतात. एवढे पुरते. 720ची इथे गरज नाही. म्हणजे ज्यांचा ओढा देवळांकडे, त्यांनी एक इंची सेन्सरवर पैसे खर्चावेत. मंडपातला अंधारही मग आडवा येत नाही. गाभाऱ्यात कॅमेरा काढू नये हे सांगायला नको. वल्लकोट्टै इथल्या सात फुटी मुरुगनाचे दर्शन ओरगडमपासून अगदी जवळ होते, तेही हात जोडून, डोळ्यांनीच घ्यावे.

श्रीपेरुंबुदूरचा तो रोल

ओरगडमहून उत्तरेला श्रीपेरुंबुदूर. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून वैष्णव इथे शतकानुशतके येत आले. पण देशाला या गावाचे नाव कळले ते 21 मे 1991च्या रात्री. राजीव गांधींची हत्या जिथे झाली तिथे आज त्यांचे स्मारक आहे. त्या रात्री कटवाल्यांनी फोटो काढण्यासाठी नेलेला छायाचित्रकार हरिबाबू स्फोटात मारला गेला, पण त्याच्या अंगावरचा कॅमेरा शाबूत राहिला. आतली फिल्म धुतली तेव्हा हार घेऊन उभी असलेली बाई, तिचे साथीदार असे सगळे त्यावर आले होते, आणि तपासाला पहिला धागा तिथे सापडला. स्वतः राजीव गांधींना छायाचित्रणाची मनापासून आवड होती. त्यांनी काढलेल्या छायाचित्रांचे पुस्तक त्यांच्या पश्चात 1994 साली निघाले. स्मारकापाशी उभे राहिले की या दोन्ही गोष्टी एकदमच आठवतात. मुले सोबत असतील तर त्यांना रोल, निगेटिव्ह म्हणजे काय हेही इथेच सांगावे लागते. 'हॉटशॉट'चा जमाना त्यांनी पाहिलेला नाही.

जिंजीला जाताना

मराठी घरांनी एक सुट्टी जिंजीसाठी राखावीच. चेंगलपट्टू आणि तिंडीवनमवरून शंभर-सव्वाशे किलोमीटर. 1677 साली दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला, आणि पुढे स्वराज्य संकटात सापडले तेव्हा राजाराम महाराजांनी याच गडावरून कारभार चालवला. झुल्फिकारखानाचा वेढा 1690पासून 1698पर्यंत रेंगाळला. जुलै 2025मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा किल्ला हा एकच.

राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन डोंगरांवर मिळून जिंजी पसरलेली आहे. राजगिरीचा चढ दमछाक करणारा. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यांना पायथ्याच्या कल्याण महालापाशी सावलीत बसवावे. तिथूनच कॅमेरा 720वर नेला की माथ्यावरची तटबंदी पडद्यावर येते. चढून गेलेले नातवंड हात हलवत असेल तर तेही सापडते. हे काम फोनच्या आवाक्यातले नाही आणि एक इंचीवाल्या महागड्या कॅमेऱ्यालाही नीटसे जमत नाही. या परिसरासाठी एकच कॅमेरा घ्यायचा तर 24 ते 720चा, असे म्हणावेसे वाटते ते वेदांतंगलइतकेच या गडामुळे.

माकडांपासून मात्र सांभाळावे. खाऊची पिशवी उघडी ठेवू नये आणि कॅमेऱ्याची दोरी मनगटातच असू द्यावी.

कॅमेरा घ्यायला चेन्नईत जायचे तर रिची स्ट्रीट ही इलेक्ट्रॉनिक सामानाची गजबजलेली गल्ली प्रसिद्ध आहे. पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कॅमेरा हातात घेऊन झूम पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करून पाहावा. कुरकुर आली किंवा भिंग अडखळले तर तो परत ठेवावा. मग दाराशी येऊन रस्त्यापलीकडच्या एखाद्या पाटीवर झूम ताणावा, एक फोटो काढावा आणि पडद्यावर मोठा करून ती अक्षरे वाचता येतात का ते बघावे. तमिळ येत नसले तरी चालते, अक्षरांच्या कडा स्पष्ट दिसल्या म्हणजे झाले. जादा बॅटरी त्याच वेळी घ्यावी, कारण वेदांतंगलच्या बांधावर ती मिळत नाही. निघण्याआधी तळ्यात पाणी आणि पक्षी आहेत ना, याची फोनवर चौकशी करावी. पाऊस हुकलेल्या वर्षी तळे कोरडे राहते आणि पक्षी दुसरीकडे जातात.